घरी बसलेला माणूस पीएफच्या मोजणीत येत नाही?

छोट्या धंद्यात हे हमखास ऐकू येतं: ‘ऑफिसात सतराच जण, बाकीचे पाच घरून काम करतात, म्हणजे आपल्याला पीएफ लागू नाही.’ साफ चूक. मोजणी खुर्च्यांची नसते, नोकरीवरच्या माणसांची असते. इथे ती बावीस भरते आणि मर्यादा २० ची आहे. १९५२ च्या कायद्यात होती, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तीच.

‘वर्क फ्रॉम होम’ हा शब्द येण्याच्या कितीतरी आधी, १९८५ साली, सर्वोच्च न्यायालयाने विडी कामगारांच्या प्रकरणात हा प्रश्न निकाली काढला. पानं-तंबाखू घरी न्यायची, विड्या वळायच्या, कारखान्यात नेऊन द्यायच्या. खराब विड्या मालक बाजूला काढणार. तो नाकारण्याचा अधिकार म्हणजेच नियंत्रण, म्हणून घरी वळणारेही कर्मचारीच, असं न्यायालय म्हणालं. सोलापुरात हे कुणाला नव्याने सांगायला नको!

आता विडीच्या जागी एक्सेलची फाइल ठेवा. चुकली तर तुम्ही ती ‘पुन्हा कर’ म्हणून पाठवताच ना? चार ठिकाणची कामं घेऊन स्वतःचं बिल देणारा खरा फ्रीलान्सर वेगळा. पण महिन्याचा पगार, रजेचा अर्ज आणि सकाळी दहाची हजेरी असेल, तर करारावर नुसतं ‘कन्सल्टंट’ लिहून काही साधत नाही.