एकच गाणं, आठ जगं

‘सोशल मीडियावर संतापाची लाट’, ‘नेटकऱ्यांनी घेतला खरपूस समाचार’, ‘व्हिडिओ तुफान व्हायरल’ असे मथळे दिसले की मी ती बातमी हटकून शेवटपर्यंत वाचतो. त्यातले नेटकरी मोजायची सवयच लागली आहे. परवाच्या एका बातमीत ते चार निघाले. चार खात्यांवरचे शेरे एकाखाली एक डकवलेले, आणि तेवढ्यावर मथळा होता ‘सर्व थरांतून टीका’.

बातमी लिहिणाऱ्याची बाजूही मला कळते. त्या प्रत्येक शेऱ्याला हजारोंनी लाइक होते. बोलले चौघंच, पण हजारोंनी मान डोलावली, म्हणजे लोकांचं मत हेच, असा हिशोब त्याने केला असणार. आपण सगळेच तो करतो, वाचकही आणि संपादकही. हा हिशोब नेमका कुठे चुकतो, हा समाजमाध्यमांच्या अभ्यासातला मला सगळ्यात आवडणारा भाग आहे. पोस्टखालचा आकडा म्हणजे मतमोजणी नव्हे. मतदान करताना आधीच्या माणसाने कोणतं बटण दाबलं ते तुम्हाला दिसत नाही. इथे ते दिसतं, ठळक दिसतं, आणि ते बघूनच तुमचं बोट पुढे सरकतं.

आधी जरा मागे जाऊ. १९४९च्या फेब्रुवारीत डेव्हिड मॅनिंग व्हाइट या अभ्यासकाने अमेरिकेतल्या एका छोट्या वृत्तपत्राच्या संपादकाला एक विनंती केली. वृत्तसंस्थांकडून तारेने आलेल्या ज्या बातम्या तुम्ही वापरत नाही, त्या फेकू नका. प्रत्येकीवर नाकारण्याचं कारण लिहा आणि गठ्ठा माझ्याकडे द्या. त्या संपादकाने आठवडाभर तसं केलं. आलेल्या मजकुरापैकी जेमतेम दहावा हिस्सा छापून आला होता. उरलेल्या कागदांवर ‘जागा नाही’ हे कारण होतं, तशीच निव्वळ आवडीनिवडीची कारणंही होती. १९५० साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि बातमीच्या दारावर उभा असलेला ‘द्वारपाल’ ही कल्पना पत्रकारितेच्या अभ्यासात रुजली.

आज त्या दारावर संपादक एकटा नसतो. काय गाजतंय हे आधी फीड सांगतं, न्यूजरूममधल्या पडद्यावर त्याचा आलेख सतत हलत असतो, त्यावरून बातमी होते आणि बातमीमुळे ती गोष्ट आणखी गाजते. हे चक्र इतकं घट्ट आहे की ‘हे मुळात गाजण्याजोगं होतं का?’ या प्रश्नाचं उत्तर बाहेरून देता येत नाही. त्यासाठी घड्याळ मागे फिरवून, लोक तेच ठेवून, तोच प्रसंग पुन्हा घडवावा लागेल. आयुष्यात ते शक्य नाही. प्रयोगात मात्र तसं करून बघितलं गेलं.

मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हा प्रयोग मांडला. त्यांनी फारशा कुणाला माहीत नसलेल्या बँड्सची ४८ गाणी एका संकेतस्थळावर ठेवली. येणाऱ्याने गाणी ऐकायची, गुण द्यायचे आणि आवडलं तर गाणं उतरवून घ्यायचं. दोन प्रयोग मिळून १४,३४१ लोक यात आले. खरी खुबी मांडणीत होती. आलेल्या माणसाला नकळत नऊपैकी एका कप्प्यात टाकलं जाई. एका कप्प्यात फक्त गाण्यांची नावं दिसत, दुसऱ्यांनी काय निवडलं ते दिसत नसे. उरलेल्या आठ कप्प्यांत प्रत्येक गाण्यासमोर, आधी किती जणांनी ते उतरवून घेतलं तो आकडा दिसे. पण फक्त आपापल्या कप्प्यातल्या लोकांचा. आठही कप्पे शून्यापासून सुरू झाले. गाणी तीच आणि लोकही एकाच प्रकारचे, पण एकमेकांचा वारा न लागलेली अशी आठ जगं तयार झाली.

लोकप्रियता केवळ गुणांवर ठरत असती, तर आठही जगांत यादी जवळपास सारखी लागायला हवी होती. तशी ती लागली नाही. आकडे न दिसणाऱ्या कप्प्यात २६व्या क्रमांकावर, म्हणजे अगदी मध्यावर असलेलं एक गाणं एका जगात पहिलं आलं आणि दुसऱ्या जगात ४०वं. सगळ्यात चांगली गाणी क्वचितच तळाला गेली, सगळ्यात वाईट क्वचितच शिखरावर पोचली. मधल्या मोठ्या गर्दीचं काहीही होऊ शकत होतं. शिवाय आकडे दिसणाऱ्या जगांत वरच्या आणि खालच्या गाण्यांमधली दरी जास्त रुंद होती. पहिल्या प्रयोगात गाणी चौकटीत विखरून मांडली होती, दुसऱ्या प्रयोगात लोकप्रियतेच्या क्रमाने एकाखाली एक. एवढ्या एका बदलाने दरी आणखी वाढली.

असं का होतं, हे समजायला एक पिशवी आणि दोन रंगांची बटणं पुरतात. हा खेळ मी कितीतरी वेळा खेळलो आहे आणि दर वेळी तितकाच रंगून जातो. पिशवीत एक लाल आणि एक निळं बटण टाका. न बघता एक काढा. लाल आलं तर ते परत टाका आणि सोबत आणखी एक लाल टाका. निळं आलं तर तसंच, एक निळं वाढवा. पिशवी हलवा, पुन्हा काढा. हंगेरियन गणिती जॉर्ज पोल्या यांनी एगनबर्गर यांच्यासोबत १९२३ साली हे प्रारूप मांडलं, संसर्गासारख्या घटना समजून घेण्यासाठी.

दोन वेळा बटण काढून काय होतं ते बघू. पहिल्यांदा लाल येण्याची शक्यता १/२. आलं, तर आता पिशवीत दोन लाल आणि एक निळं आहे, म्हणून पुन्हा लाल येण्याची शक्यता २/३. दोन्ही वेळा लाल येण्याची शक्यता या दोहोंचा गुणाकार, म्हणजे १/३. दोन्ही वेळा निळं येण्याचीही तेवढीच. एकदा हे आणि एकदा ते, हीसुद्धा उरलेली १/३. नाणं दोनदा उडवलं तर ‘एकेक’ येण्याची शक्यता निम्मी असते; इथे ती घसरून एक तृतीयांश झाली आणि टोकांचं वजन वाढलं. तीनदा बटण काढलं तर चार निकाल संभवतात, प्रत्येकाची शक्यता १/४. शंभर वेळा काढलं तर १०१ निकाल, प्रत्येकाची शक्यता बरोबर १/१०१. आता तुलना करा. नाणं १०० वेळा उडवलं तर छाप ४० ते ६० वेळा पडण्याची शक्यता ९५ टक्क्यांहून जास्त असते. पिशवीत मात्र लाल ४० ते ६० वेळा येण्याची शक्यता २१/१०१, आणि ९० पेक्षा जास्त किंवा १० पेक्षा कमी वेळा येण्याची २०/१०१. म्हणजे एका रंगाची पूर्ण सरशी आणि दोघांची बरोबरी यांची शक्यता जवळपास सारखी. दोन्ही बटणं सुरुवातीला तंतोतंत समान होती. लाल रंगात कसलाही गुण नव्हता.

याहून नवल पुढे आहे. पुष्कळ वेळा बटणं काढल्यावर प्रमाण स्थिरावतं. लाल ८३ टक्क्यांवर आलं की आणखी हजार वेळा काढूनही ते फारसं हलत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, इतकं ठाम प्रमाण आहे म्हणजे याच्या मागे काही ठाम कारण असणार. कारण एवढंच असतं, की पहिल्या पाच-सात वेळा हात कुठे पडला. हेच पिशवीत दहा लाल आणि दहा निळी टाकून सुरुवात केली, तर शेवटचं प्रमाण बहुतेकदा ३० ते ७० टक्क्यांच्या आतच राहतं. गाठीला आधीच बटणं असली की सुरुवातीच्या झटक्यांचा जोर कमी होतो. मोठ्या खात्याची साधी पोस्ट सहसा पडत नाही आणि नव्या माणसाची उत्तम पोस्ट कुणी बघतही नाही, हे थोडंफार या गाठीच्या बटणांमुळेच.

फीडचं वागणं याहूनही तीव्र असतं, कारण वरच्या क्रमांकावरच्या गोष्टीला तिच्या वाट्याहून जास्त नजरा मिळतात. गणितात हे असं मांडतात: निवड होण्याची शक्यता बटणांच्या संख्येच्या नव्हे, तर त्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात धरायची. दोन लाल, एक निळं असेल तर ओढ २:१ न राहता ४:१ होते, म्हणजे ६७ टक्क्यांच्या जागी ८० टक्के. हा घातांक (साध्या पिशवीत तो १, वर्गासाठी २) १ च्या वर गेला की वागणुकीची जातच बदलते. प्रमाण कुठेतरी मध्ये स्थिरावण्याऐवजी एक रंग सगळं गिळतो. एका टप्प्यानंतर दुसरा रंग पुन्हा कधीच निघत नाही, आणि हे सिद्ध करता येतं. क्रमवारी लावताच गाण्यांमधली दरी वाढली ती का, हे यातून कळतं.

माणसं बटणं नाहीत, हे खरं. म्हणून २०१३ सालचा एक प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. लेव्ह मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर यांनी बातम्यांची देवाणघेवाण होणाऱ्या एका संकेतस्थळावर पाच महिन्यांत आलेल्या १,०१,२८१ प्रतिक्रिया घेतल्या. त्यांतल्या काहींना, कसलाही निकष न लावता, जन्मतःच एक खोटा अनुकूल कौल दिला. काहींना एक प्रतिकूल. बाकीच्या तशाच सोडल्या. अनुकूल कौल मिळालेली प्रतिक्रिया बघणाऱ्या पहिल्या माणसाने तिला पसंती देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि तिचे अखेरचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी जास्त भरले. एका कौलाने! प्रतिकूल कौलाचा परिणाम मात्र टिकला नाही, लोकांनी उलटे कौल देऊन तो भरून काढला. कौतुक साठत जातं, अन्यायकारक निंदा पुष्कळदा दुरुस्त होते, आणि हा फरक पोल्याच्या पिशवीत नाही. गर्दी मेंढरांसारखीच वागते असं सरसकट म्हणणाऱ्यांनी प्रयोगाची ही दुसरी बाजू जरूर बघावी.

आता ‘व्हायरल होण्याचं सूत्र’ विकणाऱ्यांबद्दल. अमुक वाजता पोस्ट टाका, तमुक शब्द वापरा, पहिल्या तीन सेकंदांत असं करा, अशी शिकवणी घेणारे गाजलेल्या पोस्टींचा अभ्यास करून त्यांतलं साम्य सांगतात. पण २६व्या क्रमांकाचं गाणं ज्या जगात पहिलं आलं, त्या जगातल्या तज्ज्ञालाही त्याच्या यशाची दहा कारणं सांगता आली असती, आणि ज्या जगात ते ४०वं आलं तिथल्या तज्ज्ञाला अपयशाची. न गाजलेल्या पोस्टींमध्ये तीच लक्षणं किती होती, हे तपासल्याशिवाय सांगितलेली शुभ वेळ म्हणजे नव्या पोशाखातला मुहूर्तच आहे. चांगलं काम करावं, त्याने तळाला जाण्याचा धोका खरोखर कमी होतो. शिखराची हमी देणारा माणूस मात्र खोटं बोलतो.

पत्रकारितेसाठी याचा अर्थ काय? आकडा आपण होऊन वाढतो हा एक दोष झाला; तो वाढवणारे लोक कोण, हा दुसरा. अमेरिकेतल्या प्रौढ ट्विटर वापरकर्त्यांची प्यू संशोधन केंद्राने केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा ८० टक्के ट्वीट फक्त १० टक्के लोकांची निघाली. सगळ्यांना ट्वीटच्या संख्येनुसार रांगेत उभं केलं, तर बरोबर मध्यावरचा वापरकर्ता महिन्याला दोनच ट्वीट करत होता. त्याच वर्षी शॅनन मॅकग्रेगर यांनी दाखवलं, की २०१६च्या अमेरिकी निवडणुकीचं वार्तांकन करताना पत्रकार समाजमाध्यमांवरच्या शेऱ्यांना आणि आकड्यांना जनमत म्हणून वापरत होते. मतचाचणीत निदान नमुना कसा निवडला ते सांगावं लागतं. ‘नेटकरी म्हणतात’ या शब्दांना तसली कुठलीच अट नाही. कधीकधी आकडाच चुकीचा असतो. व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिले जातात हे काढताना, तीन सेकंदांहून कमी पाहणारे आपण वगळत होतो, असं फेसबुकने २०१६ साली मान्य केलं. पळून गेलेले प्रेक्षक हिशोबातच नसल्याने सरासरी फुगली होती.

हे सगळं तपासणं आता अवघड झालं आहे. ट्विटरने २०२३ साली संशोधकांना विनामूल्य मिळणारा विदेचा (म्हणजे डेटाचा) मार्ग बंद केला. कोणती पोस्ट किती पसरली हे पत्रकारांना आणि अभ्यासकांना दाखवणारं क्राउडटँगल हे साधन त्याच्या मालक कंपनीने, मेटाने, १४ ऑगस्ट २०२४ रोजी थांबवलं. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यातलं ४०वं कलम मोठ्या कंपन्यांना पात्र संशोधकांसाठी विदा खुली करायला लावतं, आणि ते स्वागतार्ह आहे. पण विदा कितीही मिळाली तरी ती एकाच जगाची. उरलेल्या सात जगांत काय झालं असतं, ते तिच्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

कंपन्यांना मात्र ही जगं हवी तेव्हा उभी करता येतात. फेसबुकने जानेवारी २०१२ मध्ये आठवडाभर ६,८९,००३ लोकांच्या फीडमधला आनंदी किंवा दुःखी मजकूर कमी करून त्यांच्या लिहिण्यावर काय परिणाम होतो ते पाहिलं होतं. आपण प्रयोगात आहोत हे त्या लोकांना कुणी सांगितलं नव्हतं. २०१४ साली तो शोधनिबंध आला तेव्हा मोठा गदारोळ झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.

बाहेरच्या अभ्यासकांनी यावर शोधलेला एक मार्ग साधा आहे. नवी कोरी, अगदी सारखी खाती उघडायची; त्यांच्यामागे माणूस नसतो, ठरवून दिलेले क्लिक करणारी आज्ञावली असते. त्यांच्या पहिल्या काही क्लिकांमध्ये तेवढा फरक ठेवायचा, आणि मग प्रत्येकाचं फीड काय दाखवतं त्याची रोज नोंद करायची. पिशवी तीच, पहिली बटणं वेगळी.