प्लेटलेट वाढवणारं इंजेक्शन परदेशातून मागवायचंय? फॉर्म १२-ए आणि १२-बी परवान्याची माहिती

थ्रॉम्बोपोएटिन (टीपीओ) हे प्रथिन मुख्यतः आपलं यकृत तयार करतं आणि ते अस्थिमज्जेतल्या पेशींकडून प्लेटलेट बनवून घेतं. जनुकीय तंत्राने बनवलेलं हेच मानवी प्रथिन, म्हणजे आरएच-टीपीओ, चीनमध्ये २००५ पासून केमोथेरपीमुळे प्लेटलेट घसरलेल्या रुग्णांना देतात. पुढे तिथे आयटीपीसाठीही, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच प्लेटलेट नष्ट करते त्या आजारासाठीही, त्याला मान्यता मिळाली.

परवान्याच्या अर्जामागे लागण्याआधी हिमॅटॉलॉजिस्टना (रक्तविकारतज्ज्ञांना) एकच विचारा: इथे मिळणाऱ्या औषधावर भागेल का? रोमिप्लोस्टिमचं इंजेक्शन आणि एल्ट्रोम्बोपॅगच्या गोळ्या भारतात मिळतात आणि टीपीओ पेशींवरच्या ज्या रिसेप्टरला चिकटून काम करतं, त्याच रिसेप्टरवर काम करतात. त्यावर भागत असेल तर परवान्याचा प्रश्नच येत नाही. डेंग्यूत प्लेटलेट उतरल्या म्हणून तर या वाटेला जाऊच नका. ताप ओसरल्यावर त्या बहुधा आपोआप चढतात.

तरीही बाहेरूनच औषध आणायचं ठरलं, तर औषध नियम १९४५ मधला नियम ३६ लागू होतो. प्रवासी स्वतःच्या वापराचं औषध सामानातून आणू शकतो, एका औषधाच्या जास्तीत जास्त १०० सरासरी मात्रा. इथे बरेच जण फसतात. ही सूट त्या प्रवाशाच्या स्वतःच्या औषधापुरती आहे. भाचा शांघायहून येतोय म्हणून मावशीची इंजेक्शनं त्याच्या बॅगेत टाकली, तर ती या सुटीत बसत नाहीत. त्यासाठी किंवा कुरिअरने मागवण्यासाठी केंद्रीय औषध नियंत्रकांकडे फॉर्म १२-ए मध्ये अर्ज करावा लागतो. मंजुरी मिळते ती फॉर्म १२-बी मधल्या परवान्याने. अर्ज ‘सुगम’ या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर भरतात. रुग्णालयाला आपल्या रुग्णांसाठी मान्यता नसलेलं नवं औषध आणायचं असेल तर त्यांचा अर्ज वेगळा, सीटी-२४.

अर्जाचा खरा जीव डॉक्टरांच्या चिठ्ठीत असतो. अधिकारी दोनच गोष्टी पारखतात: औषध खरंच स्वतःसाठी आहे का, आणि मागितलेलं प्रमाण वाजवी आहे का. ‘इंजेक्शन टीपीओ, गरजेप्रमाणे’ एवढ्यावर काहीच ठरत नाही. चीनमधली नेहमीची मात्रा वजनाच्या दर किलोला ३०० युनिट, दिवसातून एकदा, १४ दिवसांपर्यंत. रुग्ण ५० किलोचा असेल तर रोज १५,००० युनिट, म्हणजे त्या ताकदीची एक व्हायल (औषधाची कुपी) आणि पूर्ण कोर्सला १४. तुमच्या रुग्णाचा असाच हिशेब डॉक्टरांनी चिठ्ठीवर मांडायला हवा: आजाराचं नाव, वजन, मात्रा, दिवस, एकूण व्हायल. खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. अर्जातला आकडा आणि चिठ्ठीतला आकडा तंतोतंत जुळू द्या.

सोबत रुग्णाचं ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा, अलीकडचे सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचे) रिपोर्ट, तपासणी झाली असल्यास बोन मॅरोचा (अस्थिमज्जेचा) रिपोर्ट आणि आजवरच्या उपचारांचा सारांश जोडा. अर्ज नातेवाईक भरणार असेल तर त्याचंही ओळखपत्र व नात्याचा पुरावा तयार ठेवा.

जीवरक्षक औषधाला सीमाशुल्कात सवलत मिळू शकते, पण त्यासाठी राज्याचे आरोग्य संचालक किंवा जिल्हा शल्यचिकित्सक यांचं प्रमाणपत्र लागतं. परवान्याची वाट बघत असतानाच सिव्हिल हॉस्पिटलमध्ये त्याची चौकशी करून टाका. हे इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, त्यामुळे एका कागदासाठी पार्सल कस्टम्समध्ये अडकलं तर औषध वाया जाऊ शकतं. १२-बी हातात आल्याशिवाय पाठवणाऱ्याला ‘पाठवा’ म्हणू नका.