शरणपूर रोडपासून अंगणवाडीपर्यंत : नाशकात घरांना आधार कुठून कुठून मिळत गेला

शरणपूर रोडवरून आपण रोज जातो, कॅनडा कॉर्नरला सिग्नलला थांबतो, राजीव गांधी भवनात घरपट्टीचं काम उरकून येतो, पण हे शरणपूर नाव आलं कुठून हे फार कमी जणांना माहिती असतं. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या लोकांनी त्या वेळच्या नाशिक गावाबाहेर ही वस्ती वसवली. अनाथ पोरं, धर्म बदलला म्हणून घरच्यांनी तोडलेली माणसं, ज्यांना कोणीच नाही अशांनी शरण यायचं ठिकाण, म्हणून शरणपूर. अरबी समुद्रात गुलाम वाहून नेणारी गलबतं ब्रिटिश आरमार पकडायचं आणि त्यातनं सोडवलेली आफ्रिकन पोरंसुद्धा मुंबईमार्गे इथे आणली जायची, त्यांना लिहायला वाचायला शिकवायचे, सुतारकाम, लोहारकाम शिकवायचे. आफ्रिकेत फिरणारा स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ साली तिथेच वारला तेव्हा त्याचं शव समुद्रापर्यंत पायी नेणाऱ्यांमध्ये नाशकात शिकलेली ही मुलं होती, आणि त्यातला जेकब वेनराईट तर शवाबरोबर थेट लंडनला गेला. पुढे १८७४-७५ च्या सुमारास आजच्या केनियातल्या मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी फ्रेअरटाउन ही वस्ती वसली आणि इथले बरेचसे आफ्रिकन तिकडे गेले.

हे एवढं सविस्तर सांगतोय कारण आज कुटुंबाला मदत म्हटलं की लगेच सरकारी योजनांचीच यादी समोर येते, पण ज्याचं घर मोडलं त्याला कोणीतरी जागा द्यायची ही गोष्ट या शहरात पावणेदोनशे वर्षं जुनी आहे.

त्याच काळात गावात वाडे होते. जुन्या नाशकात एकेका वाड्यात मालक आणि चार-पाच भाडेकरू राहायचे, मधे चौक, एखादी बाळंत झाली तर शेजारच्या काकू तिच्या पोरांना जेवायला घालायच्या, कोणी आजारी पडलं तर रात्री जागायला माणूस मिळायचं. हे सगळं खरं आहे. पण त्याच वाड्याच्या मागच्या खोलीत केस काढलेली, आलवणातली विधवा आत्या पण असायची, आणि वाड्याच्या उंबऱ्याबाहेर ज्यांना थांबवलं जायचं त्या वस्त्यांना तर या आधारातलं काहीच मिळत नव्हतं. त्यामुळे "पूर्वी एकत्र कुटुंब होतं तेव्हा कशाचीच गरज नव्हती" हे कोणी म्हटलं की मला ते पटत नाही, ती गरज होती म्हणून तर जोतीराव आणि सावित्रीबाईंना १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढावं लागलं आणि तिथेच जन्मलेला यशवंत त्यांनी दत्तक घेतला. नाशकात घारपुरे घाटावरचा आधाराश्रम, उंटवाडीचं बालनिरीक्षणगृह ही पुढे त्याच वाटेवर उभी राहिलेली ठिकाणं, आणि आधाराश्रमातनं मूल दत्तक घेऊन गेलेली घरं आजही शहरात आहेत.

मग आलं बोर्डिंग. १९१४ मध्ये मराठा विद्या प्रसारक समाज सुरू झाला आणि उदोजी मराठा बोर्डिंगमध्ये खेड्यातली पोरं राहायला आली. बोर्डिंग म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर शिक्षण येतं, पण शेतकऱ्याच्या घरासाठी तो आधार होता, एका पोराचं दोन वेळचं जेवण आणि शिकणं घराबाहेर भागलं की मागे राहिलेल्या घरावरचा ताण तेवढा कमी व्हायचा. दलित मुलांच्या बोर्डिंगचं काम दादासाहेब गायकवाडांनी केलं, आणि २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा तो पुढे पाच वर्षं चालू ठेवायला जी माणसं लागली त्यांची जमवाजमव करण्यात दादासाहेबच पुढे होते. मुलींसाठी शाळा उभी करायचं काम पुढे नाशिकच्याच शांताबाई दाणींनी केलं.

आता कारखान्यांकडे येऊ, कारण आजच्या नाशिकचं घर कसं आहे ते तिथेच ठरलं. नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस १९२५ ला आलीच होती, मग १९६४ ला ओझरला एचएएलचा विमान कारखाना, साठच्या दशकात सातपूर एमआयडीसी, नंतर अंबड. खानदेशातनं, नगरकडनं, मराठवाड्यातनं, आपल्याच सिन्नर-येवला-नांदगावच्या दुष्काळी पट्ट्यातनं माणसं आली आणि सिडकोच्या सहा योजनांमधल्या छोट्या छोट्या घरांत राहायला लागली. नवरा, बायको, दोन पोरं. आई-वडील गावी. नवरा थर्ड शिफ्ट करून सकाळी येऊन झोपणार, बायको पवननगर नाहीतर उत्तमनगरच्या एका खोलीत पोरांना "आवाज करू नका रे" म्हणत बसणार. फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये पाळणाघराची तरतूद १९४८ पासून होती, १९७६ च्या दुरुस्तीनंतर ३० पेक्षा जास्त बायका कामाला असतील तिथे ते बंधनकारक झालं, पण कंपन्यांमध्ये बहुतेक पुरुषच होते आणि बायका घरी बसून पापड लाटणं, शिलाई, पॅकिंग असली कामं करायच्या, म्हणजे कायदा होता पण या बाईपर्यंत पोचत नव्हता. गंमत बघा, त्याच काळात रोजगार हमीच्या कामावर, १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागेंच्या कल्पनेतनं जी योजना वाढली आणि जिचा कायदा १९७७ मध्ये झाला, तिथे खडी फोडणाऱ्या बाईच्या पोरांसाठी सावली, प्यायचं पाणी आणि पोरं सांभाळायला एक बाई हे नियमात होतं. शहरातल्या एका खोलीतल्या आईसाठी तेवढंही नव्हतं. माझी आई सांगते की आमच्या गल्लीत चार घरांनी वाटून घेतलं होतं, सोमवारी हिने पोरं बघायची मंगळवारी तिने, आणि तेच आमचं पाळणाघर होतं.

या पोकळीत अंगणवाडी आली. तिचं मूळ नाशकापासून फार लांब नाही, सह्याद्रीच्या पलीकडे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, पुढे १९५७ मध्ये कोसबाडला गेल्या. वारली पाड्यांवरची पोरं शाळेत यायचीच नाहीत, कारण मोठी भावंडं धाकट्यांना सांभाळत होती नाहीतर गुरं राखत होती, मग या बायांनी शाळाच उचलली आणि पाड्यावरच्या अंगणात नेली. पोर येत नाही तर आपण जाऊ, इतकं साधं. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. तोच शब्द देशाने उचलला, २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांवर सुरू झाली तेव्हा केंद्राला नाव मिळालं अंगणवाडी. पूरक आहार, लसीकरण, तपासणी, दवाखान्यात पाठवणं, आईला आहाराची माहिती आणि पोरांचं शाळेआधीचं शिक्षण, सहा कामं एका ताईकडे आणि हाताखाली एक मदतनीस.

आपल्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीच्या पाड्यांवर याचा अर्थ शहरापेक्षा वेगळा आहे. दिवाळीनंतर तिथली घरंच्या घरं कुलूप लावून दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या कामाला, नाहीतर वीटभट्टीवर जातात, पोराचं नाव पाड्याच्या रजिस्टरमध्ये आणि पोर मात्र बागेच्या बांधावर. २०१५ मध्ये राज्याने आदिवासी भागात अमृत आहार योजना आणली, गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक वेळचं चौरस गरम जेवण, तेही अंगणवाडीतच. चांगली योजना आहे, मनापासून सांगतो, पण जी बाई सहाव्या महिन्यात बागेत घड विरळणी करत उभी आहे तिचं ताट पाड्यावरच राहतं.

कायद्याची बाजू पटकन सांगतो. १९८४ मध्ये फॅमिली कोर्टाचा कायदा झाला, त्याने घरगुती वादात वकिलाच्या आधी समुपदेशक आणला, आपल्याकडेही आता कौटुंबिक न्यायालय आहे. त्याच १९८४ साली मुंबईत पोलीस आयुक्तांच्या कार्यालयात टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, म्हणजे मार खाऊन आलेल्या बाईशी पोलीस स्टेशनमध्येच बोलायला सोशल वर्कर. १०९८ ही मुलांची हेल्पलाईन १९९६ ची, तीही मुंबईतनंच निघालेली. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, अंमल २६ ऑक्टोबर २००६ पासून, त्यात पहिल्यांदा बाईला राहत्या घरात राहायचा हक्क स्पष्ट लिहून मिळाला. २०१५ पासून सखी वन स्टॉप सेंटर, दवाखाना, पोलीस, वकील, समुपदेशन आणि तात्पुरता निवारा एका छताखाली. आणि एक गोष्ट जी बायकांना कोणी सांगतच नाही, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडनं बाईला फुकट वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. सुरगाण्याच्या बाईला त्यासाठी एसटीने अडीच-तीन तास येऊन नाशकात सीबीएस बसस्टँडला उतरावं लागतं, दिवसाची मजुरी जाते, आणि साहेब नसले तर परत यायचं, हे मात्र कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही.

बचत गटांनी हेच अंतर कमी केलं. महिला आर्थिक विकास महामंडळ, माविम, १९७५ चं, पण गटांना खरा जोर आला तो नाबार्ड या शेती-ग्रामविकासाच्या बँकेने १९९२ मध्ये ५०० गट बँकेला जोडायचा प्रयोग केला त्यानंतर. आमच्या गल्लीतल्या गटाची मीटिंग मी लहानपणी किती वेळा पाहिली आहे, सतरंजी, मधे पत्र्याची पेटी, पेटीला दोन कुलपं आणि किल्ल्या दोन वेगळ्या बायकांकडे, महिन्याला ५० रुपये, उशिरा आली तर ५ रुपये दंड, आणि सगळ्या बायका आपापल्या नावापुढे स्वतः सही करणार. एक काकू अंगठा द्यायच्या, त्यांना सही शिकवायला दोन मीटिंगा गेल्या आणि तेवढा वेळ हिशोब थांबवला होता. कर्ज कशाला लागायचं तर पोराच्या फीला, ऑपरेशनला, गावी कोणी गेलं तर तिकिटाला. रकमा छोट्या होत्या, पण सावकाराकडे जायची वेळ टळली हे महत्त्वाचं. आणि हिशोब संपल्यावर जे बोलणं चालायचं, कुणाचा नवरा पितो, कुणाच्या मुलीचं लग्न लवकर ठरतंय, तिथेच कितीतरी गोष्टी वेळेवर कळल्या.

या गटांचे पुढे संघ झाले. २००७ पासूनच्या तेजस्विनी कार्यक्रमात माविमने लोकसंचालित साधन केंद्रं उभी केली, म्हणजे बायकांनीच चालवायची, बायकांनीच फी देऊन टिकवायची केंद्रं, बँकेचं काम, ट्रेनिंग, योजनांची माहिती सगळं तिथे. २०११ पासून उमेद, म्हणजे राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान आलं. लोकसंचालित साधन केंद्र हे नाव जड आहे, पण ती कल्पना मला सगळ्यात पटते, कारण त्यात मदत घेणारीच केंद्राची मालकीण असते.

मग कोविड. दुसऱ्या लाटेत नाशिकने काय भोगलं ते इथल्या माणसाला सांगायला नको, पस्तीस-चाळिशीतल्या बायका विधवा झाल्या आणि त्यातल्या कितीजणींना नवऱ्याचं बँक खातं कुठे आहे हेसुद्धा माहिती नव्हतं. २०२१ मध्ये राज्याने अशा घरांपर्यंत योजना पोचवायला मिशन वात्सल्य काढलं आणि त्या निमित्ताने बालसंगोपन योजना लोकांना कळली, खरं तर ती आधीपासून होती. त्यात आई-वडील दोन्ही गेलेले असायला हवेत असं नाही, एक पालक असलेल्या मुलालाही मिळते, रक्कम महिन्याला ११०० होती ती आता २२५० आहे. १९८० ची संजय गांधी निराधार योजनासुद्धा याच बायकांसाठी, २०२३ मध्ये ती १००० वरून १५०० झाली.

आणि या सगळ्याचे फॉर्म कोणी भरून दिले? बहुतेक ठिकाणी अंगणवाडी ताईंनीच. कोणत्या घरात कोण गेलं, कुठलं पोर कुठल्या शाळेत, कुणाकडे रेशनकार्ड नाही, हे तिला सर्व्हे न करता माहिती असतं. तिला अजून पगार नाही, मानधन आहे. सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२२ मध्ये सांगितलं की अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटी मिळायला हवी. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातल्या ताई संपावर गेल्या, तो संप ५२ दिवस चालला. त्या दिवसांत आमच्या कोपऱ्यावरच्या अंगणवाडीला कुलूप होतं, आणि सकाळी नऊच्या सुमारास शेजारची तीन वर्षांची पोरगी डबा घेऊन रोज त्या दारापर्यंत जायची, तिची आजी मागनं हाक मारून तिला परत आणायची.