४५ च का, ते पण लिहा की

शेजारची पोरगी डिप्लोमाला आहे, तिनं यंदा प्रोजेक्ट केला, कृष्णेची पातळी वाढली की मोबाईलवर मेसेज जाणार. सांगलीच्या पोरीला दुसरं काय सुचणार, २०१९ चा पूर शाळेत असताना बघितलाय तिनं. कोड दाखवायला आली तर एक ओळ होती, पातळी ४५ च्या वर गेली की मेसेज पाठव, आणि त्या ओळीशेजारी कॉमेंट, म्हणजे वाचणाऱ्यासाठी लिहिलेली टीप, काय, तर 'पातळी ४५ च्या वर असेल तर मेसेज पाठव'.

म्हटलं बाळा, हे तर कोडमध्येच दिसतंय की. ४५ च का, ते लिही.

आपल्याला सांगायला नको, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटाला इशारा पातळी आणि ४५ ला धोका पातळी. पण उद्या हाच कोड नागपूरच्या कुणाच्या हातात पडला तर ४५ म्हणजे फूट का मीटर, कुठल्या पुलाचे, त्याला काय कळणार? आकडा स्वतःबद्दल काहीच सांगत नाही.

कॉमेंट ही माणसासाठीच असते, मशीनसाठी नाही. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत # टाकलं की त्या ओळीतलं पुढचं सगळं सोडून दिलं जातं, सी या भाषेत /* आणि */ च्या मधलं. सी चा कंपायलर, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, तर अख्ख्या कॉमेंटच्या जागी फक्त एक स्पेस धरतो, मग ती दोन शब्दांची असो नाहीतर दोन पानांची, त्यामुळं कॉमेंटनं प्रोग्रॅम स्लो होतो ही भीती पोरांनी मनातून काढून टाकावी. सोय पण जुनी आहे, १९५७ च्या फोरट्रान या भाषेत कोडची एकेक ओळ भोकं पाडलेल्या कार्डावर असायची, त्या पंचकार्डाच्या पहिल्या रकान्यात C हे इंग्रजी अक्षर असलं की ते कार्ड कॉमेंटचं.

मला सगळ्यात आवडते ती अपोलो ११ ची कॉमेंट. चंद्रावर उतरणाऱ्या यानाच्या कोडमध्ये एका ठिकाणी लिहिलंय, 'तात्पुरतं आहे, अशी आशा आशा आशा'. यानाच्या मेमरीत फक्त सूचना गेल्या, ही ओळ खाली पृथ्वीवर कागदावरच राहिली, आणि म्हणूनच आज आपल्याला कळतं की लिहिणाऱ्याच्या मनात त्या जागेबद्दल धाकधूक होती.

आता खरी अडचण. माझं ऐकून पोरीनं कॉमेंटमध्ये 'धोका पातळी' असं लिहिलं होतं. आठवड्यानं तिनं ४५ चे ४० केले, कॉमेंट मात्र तशीच. प्रोग्रॅम व्यवस्थित चालला, कारण कंपायलर कोडमधल्या चुका दाखवतो, कॉमेंट तो वाचतच नाही, तिथं खोटं राहिलं तरी कोण ओरडणार नाही. अशी शिळी कॉमेंट नसलेल्या कॉमेंटपेक्षा वाईट असं माझं स्पष्ट मत आहे, वाचणारा तिच्यावर विश्वास ठेवून पुढं जातो ना.

तिला म्हटलं, आकडा कशासाठी बदललास ते कॉमेंटमध्ये सांग. तिनं थोडा विचार केला आणि लिहिलं:

# ४० फूट, आयर्विन पूल, इशारा पातळी. ४५ ची वाट बघितली तर आजीला आणि म्हशींना हलवायला वेळ मिळत नाही.