बिल्ला घासू नका, आहे तसा आणा

दुसऱ्या महायुद्धातला जर्मन नौदलाचा बिल्ला दाखवायला आणायचा म्हटले की बरेच ग्राहक आधी तो घरी चकचकीत करतात. चिंच-मीठ, लिंबू, टूथपेस्ट, हाताला लागेल ते. हौस समजते, पण भाव तिथेच पडतो आणि मग 'एवढेच का?' म्हणून आमच्याशी हुज्जत होते.

पाणबुडीचा बिल्ला ऑक्टोबर १९३९ मध्ये सुरू झाला, विनाशिकेचा जून १९४० मध्ये, नॉर्वेतल्या नार्विकच्या लढाईनंतर. सुरुवातीचे बिल्ले बहुधा टोंबाकचे, म्हणजे तांबे जास्त असलेल्या पितळेचे. त्यावर मुलामा छान धरतो. युद्ध लांबले, तांब्याची चणचण झाली, तसे कारखाने जस्तावर आले. जस्तावरचा मुलामा टिकत नाही. तो विरून राखाडी पडलेला बिल्ला पाहून 'हा खोटा' किंवा 'हा मळलाय' असे वाटते. बहुतेकदा दोन्ही चूक. घासल्यावर गरुडाच्या पिसांच्या रेघांत उरलेले थोडे सोनेही जाते, आणि नवा मुलामा चढवलेल्या बिल्ल्याला जाणकार गिऱ्हाईक हात लावत नाही.

दुसरे नुकसान वेळेचे. आम्ही बिल्ला आधी उलटा करतो. पिनेची बिजागरी, हुक, डाखाभोवती वर्षानुवर्षे बसलेला मळ, कारखान्याचे नाव हे सगळे भिंगाखाली पाहतो. सुरुंगशोधक बोटींच्या काही बिल्ल्यांवर तर रचनाकार ओटो प्लाचेक आणि बनवणारे श्वेरिन अशी दोन्ही नावे सापडतात. अस्सलावरून साचा काढून ओतलेली नक्कल किंचित लहान भरते, तिच्या कडा बोथट असतात. घासलेल्या अस्सलाच्या कडाही बोथटच! मग एका बैठकीचे काम लांबते, आणि शंका उरली तर आम्ही अस्सलपणाचा दाखला देत नाही. याला कोणी आडमुठेपणा म्हणतात, म्हणोत. आमच्या दाखल्यावर पुढचा माणूस पैसे मोजतो.

स्वस्तिक नसलेला बिल्ला आला तर घाबरू नका. पश्चिम जर्मनीने १९५७च्या कायद्याने जुनी युद्धपदके स्वस्तिकाविना लावायला परवानगी दिली, तेव्हा ते नव्याने बनले. ते खोटे नव्हेत. पण युद्धातले म्हणून आम्ही विकत नाही आणि घेतही नाही. स्वस्तिक असलेले बिल्ले दर्शनी काचेत मांडत नाही, मागितल्यावर दाखवतो.

पावसाळ्यात जस्तावर पांढरी भुकटी धरते. मऊ प्लास्टिकच्या खिशात ठेवू नका. ओल शोषणाऱ्या पुडीसह घट्ट झाकणाची डबी चांगली. ती आमच्याकडे मिळते.

येण्याआधी पुढून, मागून आणि कडेने असे तीन फोटो उजेडात, फ्लॅश न मारता काढून पाठवा. फोटो पाहण्याचे पैसे नाहीत. प्रत्यक्ष तपासणीची फी आहे. बिल्ला आम्हाला विकलात तर ती परत देतो.