सत्तावीस मोठा की अठ्ठावीस? जुन्या रेसरच्या चाकाची पार्श्वभूमी

जळगाव-धुळ्याकडे खाली वळलेलं हँडल दिसलं की ती 'रेसर', मग फ्रेम कितीही जड असो. खरी हलकी रेसर फ्रेमच्या नळीवरून ओळखायची. टोकांना जाड, मध्ये पातळ अशा नळीचं इंग्लंडमधलं पेटंट १८९७ सालचं. १९३५ मध्ये अशा नळ्यांसाठी '५३१' नावाचं पोलाद आलं आणि पुढची कित्येक दशकं उत्तम फ्रेम म्हणजे तेच. ही फ्रेम आजही धड असते. घोडं अडतं चाकापाशी.

दूधवाल्याची काळी सायकल २८ इंची, टायरवर २८ × १ १/२. जुन्या इंग्लिश रेसरचं चाक २७ × १ १/४. आताच्या रेसिंग सायकलचं ७०० सी, तेही म्हणायला २८ इंचीच. टायरची कड जिथे बसते तिथे रिम मोजा: अनुक्रमे ६३५, ६३० आणि ६२२ मिलिमीटर. म्हणजे २७ हा एका २८ पेक्षा लहान आणि दुसऱ्यापेक्षा मोठा!

कारण हे इंच रिमचे नव्हतेच, फुगवलेल्या टायरच्या बाहेरच्या व्यासाचे होते. फ्रेंचांनी बाहेरचा व्यास ७०० मिलिमीटर धरला आणि टायरच्या जाडीप्रमाणे ए, बी, सी अक्षरं लावली. टायर जितका जाड, तितकी रिम लहान. आपली काळी सायकल या हिशेबाने ७०० बी. पुढे सी रिमवर बारीक टायर चढले, व्यास घटला, नाव मात्र तेच राहिलं. रिमचा व्यास पहिल्यापासून छापला असता तर कितीतरी चांगल्या सायकली भंगारात जाण्यापासून वाचल्या असत्या.

भुसावळला एका दुकानात माझ्या २७ च्या रिमवर ७०० सी चढवायची खटपट झाली. टायर चढवायच्या दोन पट्ट्या लावल्या, कड चढेना. मग मिस्त्रींनी २८ चा काळा टायर घातला. तो हाताने बसला, पण हवा भरताच एका बाजूने कड बाहेर आली आणि ट्यूब फुटली. 'फ्रेमच बेकार आहे, भाऊ,' असं ऐकून मी घरी आलो. फ्रेमचा काय दोष?

आता टायरच्या कडेला ३२-६३० असा आकडा असतो: पहिला टायरच्या रुंदीचा, दुसरा रिमचा. दुकानात दुसराच सांगावा. २७ चा टायर मिळाला नाही तर ७०० सीचं चाक लावता येतं. रिम चार मिलिमीटर आत जाते, तेवढे ब्रेकचे रबर खाली सरकवावे लागतात. ब्रेकच्या खाचेत तेवढी जागा आहे का, हे चाक घ्यायच्या आधी पट्टीने मोजावं.