स्प्रिंगची एअर रायफल की पीसीपी मॅच रायफल: पहिली कोणती घ्यावी?

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत कांस्यपदक जिंकलं आणि रेंजवर पालकांची चौकशी वाढली. याचा आनंद आहे. पण चौकशीतला पहिला प्रश्न बहुतेक वेळा चुकीचाच असतो: "किती एफपीएसची (छर्ऱ्याचा वेग, फूट प्रति सेकंद) घेऊ?" दुकानदार 800, 1000 असे आकडे सांगतो, मोठ्या आकड्याची रायफल घरी येते, आणि दोन महिन्यांत मूल म्हणायला लागतं, "मला जमत नाही."

आधी एक गोष्ट झटपट बाजूला करू. स्वप्नीलचा प्रकार 50 मीटर थ्री पोझिशन, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून. ती रायफल .22 ची, काडतुसाची. तिला शस्त्रपरवाना लागतो आणि सुरुवात कुणी तिच्यापासून करत नाही. सुरुवात 10 मीटर एअर रायफलपासून होते. तिचा बोर, म्हणजे नळीचा आतला व्यास, 4.5 मि.मी. म्हणजे .177 इंच. या बोरच्या आणि 20 ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. ओळखपत्र दाखवून पक्क्या बिलावर घ्या. .22 बोरची एअर रायफल दुकानात दिसली तर तिच्याकडे वळूही नका. ती 10 मीटरच्या स्पर्धेत चालत नाही, आणि तिला परवाना लागतो.

आता खरा गोंधळ. स्प्रिंगची रायफल बहुतेकांनी हाताळलेली असते. नळी मोडायची, छर्रा घालायचा, नळी सरळ करायची, ट्रिगर दाबायचा. जत्रेतल्या फुग्यांवर चालते तीच. पीसीपीमध्ये (प्री-चार्ज्ड न्यूमॅटिक) नळीखालच्या सिलिंडरात साधारण 200 बार दाबाची हवा आधीच भरलेली असते आणि प्रत्येक शॉटला तिच्यातली थोडीशी मोजून सुटते. इथवर सगळ्यांना कळतं. मग निष्कर्ष निघतो की पीसीपी म्हणजे जास्त ताकदीची. ती महाग असण्याचं कारण ताकद नव्हे. मॅच रायफलचा, म्हणजे स्पर्धेसाठी बनवलेल्या पीसीपीचा, छर्रा सेकंदाला जेमतेम 170 मीटर वेगानं जातो, म्हणजे साधारण 560 एफपीएस. बाजारातल्या बऱ्याच स्प्रिंगच्या रायफली याहून वेगवान असतात. 10 मीटरवर कागदाला भोक पाडायला एवढा वेग पुरेसा आहे.

फरक आहे तो ट्रिगर दाबल्यापासून छर्रा नळीबाहेर पडेपर्यंतच्या क्षणात. स्प्रिंगच्या रायफलमध्ये त्या क्षणी जड पिस्टन पुढे झेपावतो, रायफल मागे ढकलली जाते. पिस्टन सिलिंडरच्या टोकाशी थांबतो आणि रायफलला उलटा, पुढच्या बाजूला झटका बसतो. हे सगळं छर्रा अजून नळीत असताना घडतं. रायफल कशी धरली आहे, हात कुठे टेकला आहे, यात थोडा फरक पडला तरी छर्रा वेगळीकडे जातो. म्हणून स्प्रिंगवाले अनुभवी लोक रायफल सैल धरतात आणि तिला मनासारखी उसळू देतात. मॅच रायफलमध्ये एक हलका हातोडा वाल्व उघडतो, हवा सुटते, छर्रा जातो. खांद्याला जवळजवळ काही जाणवतच नाही.

10 मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं असतं आणि नऊचं साडेपाच मिलिमीटरचं. शिकणाऱ्या मुलाचा शॉट सातला गेला तर त्याला एकच गोष्ट कळायला हवी: मी काय चुकलो? श्वास सुटला, ट्रिगर झटकला, की कोपर कमरेवरून घसरलं? मॅच रायफलवर याचं उत्तर मिळतं, कारण रायफलनं स्वतःची भर घातलेली नसते. स्प्रिंगच्या रायफलवर सगळं बरोबर करूनही सात येतो आणि चूक करूनही दहा येतो. मूल भलत्याच गोष्टी दुरुस्त करत बसतं. माझ्या मते पहिल्या रायफलचं काम एकच: मुलाची चूक त्याला खरी खरी दाखवणं. ते करत नसेल तर स्वस्त रायफलही महागच पडते.

दुसरं, ड्राय प्रॅक्टिस. छर्रा न घालता, भिंतीवरच्या टिंबावर नेम धरून ट्रिगर दाबायचा सराव. घरचा निम्म्याहून जास्त सराव असाच व्हायला हवा. मॅच रायफलींमध्ये त्यासाठी वेगळी सोय असते. स्प्रिंगची रायफल रिकामी उडवली की पिस्टन थेट आदळतो आणि सील, स्प्रिंग लवकर जातात.

ओपन साइट (उघडी खाच आणि माशी) आणि पीप साइट (बारीक भोकातून नेम) यांचा वाद मी दोन वाक्यांत संपवतो. हा फरक नेम धरण्याच्या साधनाचा आहे, रायफल कशी चालते त्याचा नाही. स्प्रिंगच्या रायफलला पीप साइट लावून "मॅच रायफल" म्हणून विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. तसंच दुर्बीण लावलेली पीसीपी. ती हवेवर चालते म्हणून मॅच रायफल ठरत नाही. 10 मीटर स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही, आणि त्या रायफलींना लहान मुलाच्या अंगकाठीनुसार गालपट्टी किंवा बटची (खांद्याला टेकणाऱ्या भागाची) लांबी जुळवता येईलच असं नाही.

मग स्प्रिंग निरुपयोगी का? नाही. शेतावर डबे उडवायला, किंवा शाळेच्या ओपन साइट स्पर्धेपुरतं उतरून बघायला ती ठीक आहे. फक्त पक्ष्यांवर कधीही रोखू नका, आणि छर्रा डोळा घालवू शकतो हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगा. पण मूल गंभीरपणे शिकणार असेल तर स्प्रिंगवर खर्च करून मग "वरची" घेण्याचा टप्पा मला मान्य नाही. त्यात लागलेल्या सवयी मोडण्यात वेळ जातो.

मॅच रायफल लाखांच्या घरात जाते हे मला माहीत आहे. म्हणूनच माझा सल्ला: पहिले काही महिने काहीच विकत घेऊ नका. क्लबच्या मॅच रायफलवर शिकू द्या. पैसे खर्चायचेच असतील तर आधी अंगाला नीट बसणारं नेमबाजीचं जॅकेट घ्या. मुलाची उंची वाढत असते, साडेपाच किलोपर्यंतची रायफल साठ शॉट पेलण्याइतकी ताकद यायला वेळ लागतो, आणि आवड टिकते का तेही दिसतं. नंतर वाल्थर, फाइनवर्कबाऊ, अनशुट्झ, स्टायर यांपैकी एखाद्या कंपनीची वापरलेली रायफल प्रशिक्षकाला दाखवून घ्या. घेताना सिलिंडरवर छापलेली तारीख आवर्जून वाचा. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेच्या तपासणीत चालत नाही आणि भरायलाही धोक्याचा असतो. नव्या सिलिंडरचा खर्च किमतीत धरूनच घासाघीस करा.